एक वीत डावीकडे

तोंडाचा लकवा झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सगळे सगळं सांगतात. चहा कसा प्यायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आधी तेच सांगतो. कप चांगल्या बाजूच्या कोपऱ्याला लावायचा, दुसऱ्या बाजूचे ओठ बोटांच्या चिमटीत धरायचे आणि मान जराशी चांगल्या बाजूला झुकवायची. बशीच्या वाटेला जायचं नाही. माझे तीन शर्ट बशीपायी गेले.

हे मी बरा झाल्यावर लिहितोय. अगदी पूर्ण बरा नाही. हसलो की डावी बाजू अजून थोडी उशिरा येते, पण येते. उद्या कुणाच्या घरी अचानक कुणाचं तोंड वाकडं झालं, तर त्यांनी निदान माझ्याएवढं घाबरू नये म्हणून हा खटाटोप. औषधांची नावं लिहिणार नाही, ती डॉक्टर लिहितात. मला फक्त घडलं ते माहीत आहे.

माझा धंदा

मी शिरड शहापूरजवळच्या एका वाडीचा. आमच्या घरी मेंढरं आहेत, हळद आहे आणि बेसबॉल आहे. मेंढरं बांची, म्हणजे वडिलांची, हळद मायची आणि बेसबॉल माझं. बायको सविता तिन्हीकडे बघते.

हिंगोलीच्या कॉलेजात होतो तेव्हा खेळाच्या सरांना कुठूनतरी बेसबॉलचं सामान मिळालं होतं. सामान होतं, पण खेळायला पोरं नव्हती. सरांनी मला कॅचर, म्हणजे बॉल धरणारा, केलं, कारण तासन्‌तास उकिडवं बसायला दुसरं कुणी तयार होईना. मेंढरांमागे वाढलेल्या माणसाला उकिडवं बसायला कसली अडचण? तिथून जिल्हा, राज्य, देश असं करत करत एका निवड शिबिरात परदेशी लोकांनी मला पाहिलं आणि आखातातल्या एका लीगमध्ये नोकरी दिली. बुलपेन कॅचरची.

हे काम काय असतं ते मी वाडीत निदान शंभर वेळा सांगितलंय, आणखी एकदा सांगतो. सामन्याआधी आणि सामना चालू असताना बॉल टाकणारे, म्हणजे पिचर, मैदानाच्या कडेला जाळीमागे हात गरम करतात. त्यांचे बॉल धरणारा माणूस तो मी. ताशी एकशे चाळीसच्या वेगाने आलेला बॉल धरायचा, परत द्यायचा, पुन्हा धरायचा. फलकावर माझं नाव येत नाही. दोन हंगाम झाले, मी एकही सामना खेळलेलो नाही आणि तरी पगारी बेसबॉलवाला आहे. वाडीतली माणसं भेटली की विचारतात, यंदा किती रन काढले? मी म्हणतो, जेवढे मागच्या वर्षी काढले तेवढेच.

बांचा प्रश्न वेगळा असायचा. "दुसऱ्यानं फेकायचं, तू धरायचं, अन् पुन्हा त्यालाच द्यायचं. मग यात तुझं काम कोणतं?" पहिल्या हंगामानंतर त्यांनी हे मला विचारलं, दुसऱ्यानंतर पुन्हा विचारलं, आणि मधल्या काळात घरी आलेल्या पाहुण्यांना माझ्यादेखत विचारलं. मी म्हणायचो, बा, धरणं हेच काम. ते मान हलवायचे, पण कळलं म्हणून नव्हे, विषय संपवायचा म्हणून.

करीच्या दिवशी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी दात घासून चूळ भरली. चूळ सरळ गेली नाही. डावीकडून पिचकारीसारखी उडाली आणि सविताच्या पायावर पडली. तिला वाटलं मी खोडी काढतोय, म्हणून तिने हातातला तांब्या माझ्यावर उपडा केला. मी ओला होऊन हसलो. ती हसली नाही.

"अहो, तोंड नीट करा," ती म्हणाली. मी म्हणालो, नीटच आहे. ती पुन्हा म्हणाली, नीट करा. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज पार खाली गेला होता.

आरशात पाहिलं तर मी अर्धाच हसत होतो. उजवी बाजू नेहमीसारखी, डावी बाजू जागच्या जागी. डावा डोळा मिटायला गेलो, तो उघडाच राहिला.

माय आली, तिने एकदा पाहिलं आणि खालीच बसली. "वारं गेलं माझ्या लेकराच्या तोंडावरून," एवढं म्हणून तिने जो सूर लावला, तो ऐकून अर्धी वाडी अंगणात जमली. जमलेल्या प्रत्येकाने आपापलं निदान केलं. एकाच्या मते परदेशातल्या थंड मशिनींनी हे केलं. दुसऱ्याच्या मते नजर. तिसऱ्याने काल पोळ्यात मी किती पुरणपोळ्या खाल्ल्या याची चौकशी केली.

बा निघून गेले. मला वाटलं मेंढरांकडे गेले. थोड्या वेळाने ते शेजाऱ्याची पिकअप घेऊन आले, मेंढरं बाजाराला न्यायची तीच. मागच्या बाजूला अजून लेंड्या होत्या. मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. हिंगोलीपर्यंत सगळा वेळ उभेच होते.

मी घाबरलो होतो, लपवून काय उपयोग. डोक्यात काहीतरी फुटलं, आता हातही जाईल, हे मी मनात पक्कं केलं होतं. उजव्या हाताने डावा हात सारखा दाबून पाहत होतो. डावा हात म्हणजे माझा मिट घालायचा हात, कॅचरचा तो जाड हातमोजा असतो ना, तो. सविता म्हणाली, हात आहे तिथंच आहे, नका चिमटे घेऊ.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, भुवया वर करा. उजवी गेली, डावी गेली नाही. डोळे घट्ट मिटा. डावा उघडाच. गाल फुगवा. सगळी हवा डावीकडून बाहेर. मी एकेक परीक्षा नापास होत होतो आणि डॉक्टर एकेका नापासाला जास्त खूश होत होते. शेवटी त्यांनी उलगडा केला. मेंदूचं दुखणं असतं तर बहुधा भुवई हलली असती. ही फक्त चेहऱ्याच्या नसेला आलेली सूज आहे, बहुतेक लोक बरे होतात. किती दिवसांत, असं सविताने विचारलं. कुणी तीन आठवड्यांत, कुणी तीन महिन्यांत, कुणाचं थोडं राहूनही जातं, असं उत्तर आलं.

माझ्या नोकरीवर हजर व्हायला दोन महिने होते. मी विचारलं, डॉक्टरसाहेब, एकशे चाळीसच्या वेगाने तोंडावर बॉल आला तर धरता येईल का? डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. असा बॉल तुमच्या तोंडावर काहून येईल, असं त्यांनी विचारलं. मग बुलपेन कॅचर म्हणजे काय, ते एकशेएकाव्यांदा सांगावं लागलं.

शेजारची खाट

साखर, रक्तदाब वगैरे पाहायला मला दोन दिवस ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवर कनेरगाव नाक्याचे एक ढाबेवाले होते, मुतखड्याचे. आडदांड माणूस, पण भला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डावा डोळा मिटत नव्हता आणि उजवा नेहमीसारखा मिटत होता. म्हणजे पापणी लवली की बघणाऱ्याला वाटायचं हा डोळा मारतोय. मला याची कल्पना नव्हती. पहिल्या दुपारी ढाबेवाल्यांनी मला दोन-चारदा पाहिलं आणि सौजन्य म्हणून एकदा त्यांनीही डोळा मारला. मी हसलो, म्हणजे अर्धा हसलो. त्यावरून त्यांचा समज आणखीच पक्का झाला. दुसऱ्या सकाळपर्यंत आमचं असंच चाललं. मग ते खाटेवरून वाकून हळूच म्हणाले, "पाव्हणं, काल धरून तुमी मला काहीतरी सांगून राहिले. जे असंल ते उघड सांगा ना."

मी सांगितलं. ते एवढे हसले की त्यांचा खडा हलला आणि नर्सबाईंना धावत यावं लागलं. दुपारी त्यांच्या घरून डबा आला त्यात माझ्यासाठी भाकरीचा काला होता, कारण चावलेला घास माझ्या डाव्या गालात जाऊन बसायचा आणि बोटाने काढावा लागायचा. त्यांनी ते पाहून ठेवलं होतं.

त्याच नर्सबाईंनी झोपताना डोळ्याला पट्टी कशी लावायची ते शिकवलं. आधी बोटाने पापणी खाली आणायची, मग चिकटपट्टी आडवी. त्यांचं बोट पापणीला लागलं आणि दिवसभरात पहिल्यांदा त्या डोळ्याला अंधार दिसला. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. डोळा मिटणं हे सुख आहे हे मला तिथे कळलं.

पारवा

घरी आल्यावर धुळीपासून डोळा सांभाळायला दिवसभर गॉगल लावायचा होता. वाडीत लगेच बोललं गेलं की पोराला परदेशी हवा लागली. गॉगल काढला तर डोळा मारतो, लावला तर शायनिंग मारतो. मी लावूनच ठेवला. व्यायामासाठी वसमतला एका फिजिओथेरपीच्या बाईंकडे एसटीने जायचो, तिथे बाकावर गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मी एकटाच गॉगलवाला. बाईंनी सांगितलेले व्यायाम घरी आरशासमोर करायचे: ई म्हणा, ऊ म्हणा, शीळ घाला, फुगा फुगवा. पहिले कितीतरी दिवस फुगा फुगलाच नाही. आमचं कुत्रं समोर बसून माझी ई-ऊ ऐकायचं आणि शेवटी उठून निघून जायचं.

मग कुरुंद्याहून माझे मावसे आले, टोपलीत पारवा घेऊन. लकव्यावर पारव्याचं गरम रक्त चोळतात, अशी आमच्याकडची समजूत आहे. मायची तयारी होतीच. खरं सांगतो, माझीही अर्धी तयारी झाली होती. दहा दिवस आरशात तेच तोंड पाहिल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो. सविता म्हणाली, जरा पाणी पाजते त्याला, आणि टोपली घेऊन बाहेर गेली. परत आली ती रिकामी टोपली घेऊन. उडाला, म्हणाली.

मावसे चहा न पिता गेले. माय आणि सविता चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. माय एवढंच म्हणाली होती, "तू शिकलेली हायेस, पण लेकरू माझं हाये." नंतर सविता हळदीत खुरपायला बसली तेव्हा मी पाहिलं, ती रडत होती. मी जवळ जाऊन बसलो. मला तिला धीर द्यायचा होता, पण माझं तोंड असं की वाईट वाटतंय हेसुद्धा दिसेना. डावा डोळा आधीपासूनच वाहत होता, त्यामुळे मी रडतोय की नाही ते तिलाही कळलं नाही. मला फार वाईट वाटत होतं, एवढं इथे लिहून ठेवतो.

त्या चार दिवसांत मला मात्र दोन्हीकडून जेवण यायचं. एक ताट माय ठेवायची, एक सविता. दोन्ही संपवल्याशिवाय सुटका नव्हती.

बॉल

तिसऱ्या आठवड्यात मी मिट काढला. सविताला म्हणालो, हलका टाक. तिने टाकला तो मला दिसला, मी मिट पुढे केला आणि बॉल गळ्याखालच्या हाडावर बसला. दुसरा खांद्यावर. डाव्या डोळ्यात मलम, पाणी, सगळं धूसर. एका डोळ्याने बॉल दिसतो, पण तो किती लांब आहे ते कळत नाही. माझी सगळी कमाई त्या कळण्यावर होती.

तोवर मी संघाला कळवलं नव्हतं. कळवायला हवं होतं. त्या संध्याकाळी कळवलं. आमचा ट्रेनर परदेशी माणूस, सरळ बोलणारा. त्याने सांगितलं, दसऱ्याच्या सुमाराला व्हिडिओवर तुला बघतो. अर्ध्या अंतरावरून पंधरा बॉल. धरता आले तर ये. नाही आले तर यंदा दुसरा कॅचर घ्यावा लागेल, कारण तुझा डोळा फुटलेला मला बघायचा नाही. त्याचं बरोबरच होतं. पण बुलपेन कॅचरची जागा एकदा गेली की गेली, त्या जागेसाठी जगात रांग आहे. मला दुसरं काही येत नाही असं नाही, मेंढरं येतात. पण एका गोष्टीत मी खरोखर चांगला आहे हे मला ठाऊक होतं, आणि तीच जायला निघाली होती.

सविता रोज टाकायला लागली. तिच्या टाकण्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ती हे वाचणार आहे. एवढंच की बरेचसे बॉल हळदीत शोधावे लागायचे. बा बांधावर बसून बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना ते बघवेना. उठून आले आणि सुनेला म्हणाले, "आण तो इकडं. हे काय फेकणं व्हय?"

त्यांनी बॉल हातात घेऊन वजन पाहिलं, दगडापेक्षा हलका आहे म्हणाले, आणि टाकला. आमचे बा अडुसष्ट वर्षांचे आहेत. हात कानामागून आला, काहीच जोर न लावता, आणि बॉल माझ्या मिटच्या डावीकडून, बरोबर एक वीत अंतरावरून, सूं करत मागे गेला. मला दिसलाही नाही. दुसरा तसाच. तिसरा तसाच. बांचं वय झालं, असं मला वाटलं. सहाव्याला मी उठून मागच्या भिंतीकडे गेलो. मातीच्या भिंतीवर सहा खुणा होत्या आणि त्या सगळ्या माझ्या मिटएवढ्या जागेत होत्या. एवढा नेम असलेला माणूस आमच्या लीगमध्येही क्वचित बघायला मिळतो.

मी विचारलं, बा, नेम एवढा बराबर आहे तर मग मिटमध्ये काहून टाकत न्हाई?

ते म्हणाले, "मेंढराला दगड लागू द्यायचा नसतो. बाजूला टाकायचा. त्यानं वळावं म्हणून टाकतो आपण."

मग डावीकडेच का? कारण मेंढरांच्या वाटेवर डावीकडे काटेरी कुंपण आहे आणि घर उजवीकडे. मेंढरू घराकडे वळायला हवं. पन्नास वर्षं त्यांनी असेच दगड टाकले होते. कुठलंही मेंढरू त्यांच्या दगडाने कधी दुखावलं नव्हतं. त्यांचा हात चुकवण्यातच तयार झाला होता.

त्यानंतर आमचं रोज सकाळी हेच. मी सांगायचो, बा, मिटमध्ये. ते म्हणायचे, व्हय, आणि बॉल एक वीत डावीकडे. माझी आंधळी बाजू तीच, त्यामुळे मला दर वेळी तिकडेच हात लांबवावा लागायचा, तिकडेच बघावं लागायचं. आठवड्याने पाचातला एक हाताला लागायला लागला, मग दोन. पारव्याचं नाव काढायचं मायने बंद केलं, आता ती बांना सकाळी लवकर चहा द्यायची. एक दिवस सविताच ओरडली, अहो, मिटला. मला वाटलं बॉल. ती डोळ्याबद्दल बोलत होती. पापणी खाली आली होती, पूर्ण नाही, पण आली होती. दोन दिवसांनी फुगा फुगला. फुगवून मी तो बांधला आणि दारात लटकवला. येणारे-जाणारे विचारायचे, कुणाचा वाढदिवस?

पंधरा बॉल

दसऱ्याच्या आधी दोन दिवस ट्रेनरचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त मेंढवाड्याच्या कोपऱ्यात येते, म्हणून परीक्षा तिथेच. सविताने फोन धरला. मी मास्क चढवला, छातीचं पॅड बांधलं, उकिडवा बसलो. मेंढरं कुंपणाआडून बघत होती. बा धोतर खोचून समोर उभे.

पहिले दहा बॉल नेहमीप्रमाणे एक वीत डावीकडे. मी आठ धरले. ट्रेनर म्हणाला, हात छान जातोय. मग म्हणाला, हा पिचर कोण आहे, दहाही बॉल एकाच जागी टाकतोय. मी म्हणालो, वडील.  मग त्याने सांगितलं, बाजूचे झाले. आता उरलेले पाच सरळ हवेत, मास्कच्या रेषेत. एका डोळ्याचा माणूस फसतो तो सरळ बॉलवर. तेच मला बघायचं आहे. पाचही धरले पाहिजेत.

मी बांना सांगितलं, "बा, आता सरळ. माझ्या तोंडावर टाकायचा."

बांनी बॉल हातात फिरवला. "न्हाई," म्हणाले.

मी समजावलं. मास्क आहे, लोखंडी आहे, काही होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि बॉल टाकला. एक वीत डावीकडे. ट्रेनर म्हणाला, हा मोजत नाही, पाच अजून बाकी. बांनी पुन्हा बॉल हातात घेतला, हात कानामागे नेला आणि तसाच खाली आणला.

"हात होत न्हाई माझा," ते म्हणाले. "ज्या तोंडावरून आत्ता वारं गेलं, त्या तोंडावर मी कसा टाकू?"

 उठून त्यांच्याजवळ गेलो, मास्क वर केला. म्हणालो, बा, तुम्ही मला दर वर्षी विचारता ना, यात तुझं काम कोणतं. हेच. कुणीतरी जीव खाऊन तोंडावर टाकतं आणि मी हलत नाही. मी बसलेला असतो म्हणून त्याला बिनधास्त टाकता येतं. आज तुम्ही बाजूला टाकलंत तर ते मला घरी बसवतील.

बा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डावी बाजू, उजवी बाजू. सविता त्यांना मामा म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. ती फोन धरून एवढंच म्हणाली, "मामा, टाका. ते धरतेत."

मी जाऊन बसलो. बांनी हात मागे नेला, मान दुसरीकडे वळवली, अगदी मेंढराला सुई टोचताना वळवतात तशी, आणि टाकला.

तो सरळ आला. डाव्या डोळ्यात पाणी होतं, तरी तो मला दोन्ही डोळ्यांनी दिसला. आधी लांब, मग जवळ. मिटमध्ये चपराक वाजली. मला मिट हलवावाच लागला नव्हता.

"लागलं का?" बांनी मान तशीच वळवलेली ठेवून विचारलं.

"न्हाई, बा. धरला."

दुसरा. "लागलं का?" न्हाई. तिसरा. "लागलं का?" चौथ्याला त्यांनी मान वळवली नाही, माझ्याकडे बघून टाकला, आणि तरीही विचारलं. पाचवा धरला तेव्हा माझा हात चुरचुरत होता आणि बा खाली दगडावर बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता.

फोनमधून ट्रेनर विचारत होता, तुझा पिचर दर बॉलनंतर काय म्हणतो? मी सांगितलं.  तो म्हणाला, ठरल्या तारखेला ये, झोपताना पट्टी लावत जा. सविताने फोन खाली ठेवला आणि मेंढरांसमोरच माझ्या गळ्यात पडली. बांना तारीख-बिरीख काही कळली नव्हती. ते उठले, माझ्याजवळ आले, मिटमधून माझा हात ओढून काढला, तळवा उलटासुलटा पाहिला. लालभडक होता.

"हे रोज करतो तू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, रोज. दोनशे तरी होतात.

 ते घराकडे चालायला लागले. दारात मायला म्हणाले, याला भाकरीसंगं लोणी देत जाय.

आता मी इथे आहे, आखातात, जाळीमागे. तोंड जवळजवळ जागेवर आलंय. मिटलेला डोळा झोपेत उघडत नाही. काल एका तरण्या पिचरचा बॉल टप्पा घेऊन उसळला आणि माझ्या खांद्यावर बसला, चांगलाच बसला. त्याने लांबून हात वर करून बॉल परत मागितला. चूक नाही त्याची, इथली रीतच ती. मी बॉल उचलून त्याला दिला, पुन्हा उकिडवा बसलो, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी मास्कच्या आतून म्हणालो, "न्हाई लागलं, बा."